पाच खटके

नई सडकेवरून आणलेल्या तीन सीड्या,
वर निळ्या पेनानं लिहिलेलं: बेट १, बेट २, बेट ३.
खोका नाही, पुस्तिका नाही.
सुरू केलं की थेट धक्क्यावर उभं करून सोडतं.
समोर पाणी, मागे पाणी,
माणूस एकही नाही.

मे महिना. लष्करात दुपारी कुत्रंसुद्धा
नळाखालच्या ओल्या फरशीवरून हलत नव्हतं.
मी कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
त्या गार बेटावर हिंडायचो.
कुठलं चाक कुठली झडप उघडतं,
टेकडीवरच्या घड्याळात पावणेतीनच का वाजलेत,
सगळं टिपायचो कॉस्टिंगच्या वहीत,
शेवटच्या पानाकडून पुढे येत.
पहिल्या पानाकडून कॉस्टिंग यायचं होतं.
ते चौथ्यावर थांबलं होतं.

बाबा एकदा पाठीमागे येऊन उभे राहिले.
पडद्यावर बॉयलरचं घर, काटे शून्यावर.
बिर्लानगरच्या मिलमध्ये सत्तावीस वर्षं काढलेला माणूस
बराच वेळ ते काटे बघत राहिला.
"कुणी बंद केलं?"
माहीत नाही म्हटलं, अजून तिथवर पोचलो नाही.
"पोचलास की सांग."

तर, अडलो ते दगडी दारापाशी.
शेजारच्या भिंतीत पितळी नळ्या.
दोरी ओढली की पाच सूर वाजतात,
खाली बारा खटके,
त्यांतले पाच त्याच क्रमानं दाबायचे.
नऊ दिवस दाबले.
चित्रांची कोडी मला सुटतात, आकड्यांचीही.
पण अकराव्या वर्षी मुळ्येबाईंनी
क्लासमधून परत पाठवताना आईला सांगितलं होतं,
कान लाकडी आहे ह्याचा. गुणी मुलगा आहे, कॅरम शिकवा.

त्याच मुळ्येबाई. खालच्या मजल्यावर.
दहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो
आणि एक खेळ आहे, एवढंच म्हणालो.
जिना चढून आल्या, पदरानं मान पुसत.
खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.
"वाजव."
वाजवलं.
"परत."
कूलरच्या घरघरीत नीट ऐकू येईना, तेव्हा
स्पीकरलाच कान लावला त्यांनी,
तापलेल्या पोराच्या छातीला लावावा तसा.
"तू पहिल्यालाच सा धरून बसलायस.
तो मध्यम आहे रे.
ह्यात सा वाजतच नाही.
तो आपला आपण धरायचा."

मग बाराही खटके एकेक दाबायला लावले.
सातव्यावर हात वर केला, टेम्पो थांबवल्यासारखा.
तिथून बोटांच्या पेरांवर मोजत
सांगत गेल्या:
बारावा. अकरावा. नववा.
इथं सातवा ओलांडायचा, दाबायचा नाही.
सहावा. चौथा.

दगडावर दगड घासत दार सरकलं.
आत अंधार.
"कोण राहतं इथं?"
कुणीच नाही.
"असं कसं? नळ्या सुरात आहेत.
लावल्याशिवाय काही सुरात राहत नसतं."

ह्याचं उत्तर तिन्ही सीड्यांत नव्हतं.
तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं,
म्हणालो, पुढे कळेल.

आणि लाइट गेली.
पडदा एका ठिपक्यात मिटला.
सेव्ह केलं नव्हतं.
खाली गल्लीत कुणीतरी बिजलीघराला शिव्या घातल्या,
बाबांनी आतून मेणबत्ती कुठे विचारलं,
मी उठणार, तर बाईंनी खांद्यावर हात ठेवला.

"थांब. ऐक."

कूलरचं पातं अजून फिरत होतं,
कुणी न ढकलता,
आवाज सावकाश खाली उतरत होता.
एका जागी जरा रेंगाळला. मग त्याखाली.
नऊ दिवस शेपटीला ऐकलेले तेच दोन.

अंधारातच वही ओढली, लिहिलं,
सकाळी पाहिलं तर अक्षरं रेघ सोडून गेलेली:

कूलर. नि, मग ध.
कुठल्या दाराचं, माहीत नाही.